भंगारात लोखंडाचे वेगवेगळे भाव का? ग्रेड कसे ओळखायचे?

मुख्य फरक जाडीचा. 6 मिमी किंवा त्याहून जाड गर्डर, प्लेट म्हणजे एचएमएस-1 (हेवी मेल्टिंग स्क्रॅप, म्हणजे वितळवण्याचं जड भंगार). एचएमएस-2 मध्ये साधारण 3 मिमी किंवा त्याहून जाड माल आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) तुकडेही चालतात. जस्त भट्टीवाल्यांना नकोच असतं: पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश लागतात, जस्त 907 लाच वाफ होऊन उडतं. सौद्यात ‘80:20’ म्हणजे 80 टक्के पहिला, 20 टक्के दुसरा. लेथचा चुरा तेलकट, घट जास्त, म्हणून स्वस्त.

बीड (ओतीव लोखंड) मात्र वेगळं काढा. कार्बन 2 टक्क्यांहून जास्त, त्यामुळे हातोड्याने वाकत नाही, तुटतं. ते कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या फाउंड्रीत चालतं. सळईसाठीचं भंगार जालन्याच्या भट्ट्यांत.

आणि चुंबक चिकटलं नाही म्हणून ते स्टेनलेस स्टीलचं 304 ग्रेडच, असं धरू नका. स्वस्तातल्या 202 ग्रेडलाही ते सहसा चिकटत नाही.