पाच रन झाले की पेन्सिल थांबव

क्रिकेटचं स्कोअरबुक तू लिहिलंयस, म्हणून सांगतो बाळा, इथं येताना ती सवय घरी ठेवून ये. लहान पोरांच्या बेसबॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी एका डावाला पाच रनची मर्यादा असते. अमेरिकेच्या लिटल लीगच्या, म्हणजे पोरांच्या बेसबॉल संघटनेच्या, छोट्या गटातही पाचच. तीन आऊट व्हायच्या आधीच पाचवा रन आला, की बाजू बदलली.

गोंधळ होतो तो इथं. चार रन झालेत, एक आऊट, तिन्ही बेसवर पोरं. बॅटरनं लांब टोला मारला, तिघंही घरी, म्हणजे होम प्लेटवर आले, तीन रन. तू सात लिहिशील. लिहू नकोस! तिसऱ्या बेसवरच्याचा पाचवा, तिथं रेघ ओढ. मागचे दोघं आणि बॅटर 'बेसवर राहिले' म्हणून धर.

मग ताळा कर: पाच रन, तीन बेसवर, एक आऊट, म्हणजे नऊ बॅटर. शीटवर आठ दिसले तर एक नाव सुटलंय, तिथंच शोध. परभणीच्या उन्हात मी एकदा हा ताळा टाळला, अन् दोन्ही कोच माझ्या खुर्चीभोवती. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मात्र एकतृतीयांश डावच मिळतो, पूर्ण नाही, कारण तीनपैकी एकच आऊट झालाय.

पुढचा डाव शेवटच्या बॅटरनंतरच्या पोरापासून: यादीत नऊपेक्षा जास्त पोरं असतील तर दहाव्यापासून, नऊच असतील तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या डावात मर्यादा उठते का, अन् कुंपणापार गेलेल्या होम रनचे सगळे रन धरायचे का, हे टॉसआधीच अंपायरला विचारून शीटच्या डोक्यावर लिहून ठेव. अन् खोडरबर दोन आण, एक हमखास हरवतो.