पणजोबांच्या जन्माचं साल दोन कागदांवर वेगवेगळं आहे, खरं कुठलं मानायचं?

सरासरी काढू नका आणि ‘तीन कागद विरुद्ध एक’ अशी मतमोजणीही करू नका. ते तीन कागद बहुतेक वेळा एकमेकांवरूनच उतरवलेले असतात.

आधी बघायचं ते हे, की माहिती कोणी दिली आणि कधी? मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख सहसा भरवशाची, कारण नोंद लगेच झालेली असते. पण त्याच दाखल्यातलं वय किंवा आईचं नाव मुलाने किंवा जावयाने आठवून सांगितलेलं असतं. म्हणजे एकाच कागदातली एक ओळ पक्की आणि दुसरी ऐकीव! जन्माच्या वेळची नोंद सापडली तर साठ वर्षांनंतरच्या दाखल्यापेक्षा तिला जास्त वजन द्या.

जनगणनेतली वयं ४०, ४५, ५० अशी गोल दिसली की समजा अंदाजपंचे आहेत. छापील यादीवर न थांबता मूळ पानाचा फोटो बघा. हस्ताक्षरातला १ आणि ७ नकलेत हमखास बदलतो. जुनी इंग्लंडमधली नोंद असेल तर आणखी एक गंमत: १७५२ पूर्वी तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला जन्म आपल्या हिशेबाने एक वर्ष मागे पडलेला दिसतो.

तरीही जुळत नसेल तर दोन माणसं एक झालीत का ते तपासा. दगावलेल्या मुलाचंच नाव पुढच्या भावंडाला ठेवलेलं बऱ्याच घराण्यांत सापडतं.

तोवर वंशावळीत दोन्ही सालं लिहा, खोडू नका.