डावा रेणू, उजवा रेणू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेंझीनचे वलय सपाट असते. मग अशीच वलये जोडून बनलेला हेलिसीनचा रेणू गोल जिन्यासारखा का वळतो?

जागा पुरत नाही म्हणून. वलये एकाच बाजूला वळत जोडली गेली, की सहावे वलय पहिल्यावर आदळायला येते आणि त्याच्या डोक्यावर चढते. हे चढणे डावीकडून किंवा उजवीकडून होते. म्हणून शंखासारखेच यातही डावे-उजवे. न्यूमन आणि लेडनिसर या रसायनशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये सहा वलयांचे हेलिसीन बनवून त्याचे हे दोन हात वेगळे केले. ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश फिरवण्याचे त्याचे माप सुमारे ३,७०० अंश आहे. आपल्या साखरेचे ६६.५!

प्रश्न : त्यात बोरॉन-नायट्रोजन कशाला?

नुसत्या कार्बनचे हेलिसीन प्रकाश जोरात फिरवते, पण स्वतः मंद चमकते. मला खरी अडचण हीच वाटते. बोरॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ३, नायट्रोजनचे ५. बेरीज दोन कार्बनांएवढीच. त्यामुळे दोन कार्बनांच्या जागी ही जोडी बसवली तरी सांगाडा टिकतो, स्वभाव मात्र बदलतो. बोरॉन इलेक्ट्रॉन ओढतो, नायट्रोजन देतो. दोघांच्या जागा नेमक्या साधल्या तर चमक वाढते आणि रंगाचा पट्टा अरुंद होतो, म्हणजे रंग शुद्ध होतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकुजी हाताकेयामा यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेल्या ‘डाबना’ रेणूंच्या निळ्या पट्ट्याची रुंदी जेमतेम २८ नॅनोमीटर होती. ते रेणू मळसूत्री नव्हेत, पण तोच साचा वाढवून वळवता येतो.

प्रश्न : हे बनवतात कसे?

आधी नायट्रोजन असलेला मोकळा रेणू तयार करतात, मग बोरॉनचे हॅलाइड (क्लोरीन-ब्रोमीनसारख्या मूलद्रव्याशी झालेले संयुग) वापरून शेजारची वलये बोरॉनने एका दमात शिवून टाकतात. हातात येते ते डावे-उजवे निम्मे-निम्मे मिश्रण. दोन हात वेगळे करायला त्यांतला फरक ओळखणारे भरण असलेला स्तंभ लागतो. ही मेहनत वाया जात नाही : हाताकेयामांच्याच २०१२ च्या बोरॉन-नायट्रोजन हेलिसीनमध्ये मिश्रण पी-प्रकारचे (धन भार वाहणारे) अर्धवाहक निघाले, तर एकहाती रेणू एन-प्रकारचे (ऋण भार वाहणारे)!

प्रश्न : मोबाइलच्या पडद्याला याचा उपयोग?

बाहेरचा उजेड परतू नये म्हणून ओएलईडी (सेंद्रिय रेणूंनी स्वतः उजळणाऱ्या) पडद्यावर एक फिल्म असते. ती पडद्याचाही साधारण निम्मा प्रकाश गिळते. रेणूनेच योग्य हाताचा वर्तुळध्रुवित (मळसूत्रासारखा फिरत जाणारा) प्रकाश सोडला तर तो वाचेल. पण अजून पल्ला लांब आहे. प्रकाश किती एकहाती आहे ते जी-गुणांक सांगतो. पूर्ण एकहाती प्रकाशाचा तो २. छोट्या सेंद्रिय रेणूंचा बहुधा ०.००१ ते ०.०१. म्हणजे अगदी ०.०१ धरला तरी हजार फोटॉनांत एका हाताचे पाचच जास्त. शिवाय चमक वाढवायला गेले की हा गुणांक बऱ्याचदा घसरतो. म्हणून नव्या रेणूची बातमी आली की मी चमक आणि जी-गुणांक हे दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहते.