‘बहुरूपी’मधली जास्तीची ‘ई’

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलंय : मुलीच्या शाळेत फलकावर ‘बहुरुपी स्पर्धा’ असं लिहिलं होतं, त्यातला ‘रु’ ऱ्हस्व चालतो का? आणि बहुरूपी म्हणजे अनेक रूपं असलेला कुणीही, की सोंगं घेऊन फिरणारा?

ऱ्हस्व-दीर्घाचं आधी उरकतो. ‘रूप’ हा तत्सम शब्द, त्यामुळे ‘रू’ दीर्घच. ‘हु’ मात्र ऱ्हस्व, कारण ‘बहु’ हे समासाचं पहिलं पद, गुरुदक्षिणेतल्या ‘रु’सारखं.

खरी गंमत शेवटच्या ‘ई’त आहे. बहूनि रूपाणि यस्य सः, म्हणजे ज्याला पुष्कळ रूपं आहेत तो ‘बहुरूप’. हा बहुव्रीही समास. (‘बहुव्रीही’ शब्दाची घडणही तीच. व्रीहि म्हणजे भात. ज्याच्या घरी भात उदंड, तो बहुव्रीही. खाजनात, म्हणजे गोव्यातल्या खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांत, भात पिकवणाऱ्यांना ही व्याख्या घोकावी लागू नये!) संस्कृतात बहुरूप हे शिवाचं नाव आहे, विष्णूचं आहे, सरड्याचंही आहे, आणि अमरकोशात तर निखाऱ्यावर टाकायच्या राळेलाही बहुरूप म्हटलंय.

म्हणजे ‘असलेला’ हा अर्थ समासानेच दिला. त्यावर पुन्हा त्याच अर्थाचा ‘इन्’ प्रत्यय लावून ‘बहुरूपिन्’ (आपलं ‘बहुरूपी’) करणं म्हणजे छत्रीवर छत्री, असं जुने वैयाकरण बजावतात. मराठीने ते ऐकलं नाही, आणि बरं केलं. मराठी कानाला ही ‘ई’ तेली, माळी यांच्यातल्या ‘ई’सारखी, धंद्याची वाटली असावी असं माझं मत. म्हणून मराठीत बहुरूपी हे विशेषण मागे पडलं आणि दारात पोलिसाचा गणवेश घालून, खोटा दम भरून, शेवटी हसत हात पुढे करणारा माणूस उरला. हिरा आणि ग्रॅफाइट यांना पाठ्यपुस्तकात कार्बनची ‘अपरूपं’ म्हणतात तेच ठीक. ‘कार्बन बहुरूपी आहे’ असं वाचलं तर मला तो खाकी कपड्यांत दिसेल!

आपल्याकडे गोव्यात या कलेला तोटा नाही, पण तोंडी शब्द वेगळा. पेरणी समाजाच्या जागर या विधिनाट्यात लाकडी मुखवटे बदलतात, काला या देवळातल्या लोकनाट्यात गणपती, सरस्वती, संकासुर एकामागून एक येतात. ती सगळी ‘सोंगं’. लहानपणी आजोळच्या देवळात मी पडद्यामागे डोकावलो होतो. संकासुर तोंडावरचं काळं फडकं वर सारून बशीतून चहा पीत होता आणि त्याच्या कपाळावर मघाच्या सरस्वतीचं कुंकू तसंच होतं. बाहेर आजी विचारत होती, “आतां खंयचें सोंग?” (आता कुठलं सोंग?) त्या माणसाला बहुरूपी म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. हिंदीतला ‘स्वाँग’ हा या सोंगाचाच भाऊबंद. आणि पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आपण रोज म्हणतोच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : माणूस असेल तर बहुरूपी, वस्तू, कल्पना, निसर्ग यांना बहुविध किंवा अनेकरूप म्हणा. शाळेच्या फलकाबद्दल सांगायचं, तर तिथे प्रत्येक मूल एकच वेष करून येणार. कुणी झाशीची राणी, कुणी नारळ. मग त्यात ‘बहु’ कुठे आलं? ‘वेशभूषा स्पर्धा’ लिहिलं की ‘रु’चा प्रश्नही मिटतो.