दोन एकर, नीट आणि अडकणारा ब्राउझर

प्रश्न : मुलीला डॉक्टर करायचं म्हणून दोन एकर विकलं. नीटला ७२० पैकी ३१० आले. हे रोज सांगतो, तरी फरक नाही. रिपीटचा अभ्यास सोडून आमच्या सेवा केंद्रातला ब्राउझर का अडकतो, तेच शोधत बसते. तिला समजवा.
(खाली मुलीची ओळ : यासाठी टूल्स बरीच आहेत. सगळ्यात भारी कोणतं शिकू?)
– एक पालक, ता. वरूड

उत्तर : भाऊ, ३१० गुणांची मला काळजी नाही. ‘रोज सांगतो’ याची आहे. जमीन तुम्ही विकली, तेव्हा पोरीला विचारलं होतं का? नसेल, तर त्या दोन एकरांचा हिशेब तिच्या ताटात रोज कशाला वाढता? असं ऐकत ऐकत कुणाचा बायोलॉजीचा धडा डोक्यात शिरेल? रिपीट करायचंय का, हे एकदा तिलाच विचारा. ‘नाही’ म्हणाली तर क्लासची फी भरू नका. बारावीला गणित असेल तर इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी, नसेल तर बीसीएची (संगणकाच्या पदवीची) सीईटी बघा.

आता पोरी, तुझी ओळ. मोठं टूल लावलं की दोष आपोआप सापडतो, हा गैरसमज भल्याभल्यांना असतो. आधी नेमकं काय अडकतंय ते ठरव. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. एखादं एक्स्टेंशनच (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) प्रोसेसर खात असेल तर काम तिथंच संपलं. एकच पान अडकत असेल तर डेव्हटूल्समधलं (ब्राउझरमध्येच असलेल्या तपासणीच्या साधनांमधलं) परफॉर्मन्स पॅनेल. पान चालताना कशाला किती वेळ लागला, याची ते नोंद घेतं. पान सुरळीत हलायला पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. कोणतं काम त्याहून लांबलं ते तिथं दिसतं. नोंदीत प्रोसेसर रिकामाच दिसला, तर पान बहुधा नेटची वाट बघतंय, मग नेटवर्क टॅब उघड. (भाऊ, रॅम वाढवायला पैसे देण्याआधी ती काय म्हणते ते ऐका.) अख्खा फायरफॉक्स जड झाला तर फायरफॉक्स प्रोफाइलर, तो अख्ख्या ब्राउझरची अशीच नोंद घेतो. ब्राउझर बंद करूनही मशीन रेंगाळत असेल, तर अख्ख्या मशीनची नोंद घेणारा विंडोजचा परफॉर्मन्स रेकॉर्डर. ही सगळी फुकट आहेत. यांचा महागडा क्लास विकायला कुणी आला तर हाकलून द्या.

एक सांभाळ. प्रोफाइलरची नोंद कुणाला पाठवशील तर उघड्या पानांचे पत्तेही तिच्यासोबत जाऊ शकतात. अपलोड करताना ते वगळायची सोय आहे, ती वापरच. तुमच्या केंद्रात गावाचे दाखले आणि आधार उघडे असतात.