‘इन्कॉग्निटो’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा की, क्रोममध्ये दिसणाऱ्या ‘इन्कॉग्निटो’चा मूळ अर्थ काय आणि तो शब्द आणखी कुठे वापरतात.

इंग्रजीत तो इटालियनमधून आला. मुळाशी लॅटिन ‘इन्कॉग्निटस’, म्हणजे न ओळखलेला. जुन्या नकाशांवर माहीत नसलेल्या प्रदेशावर ‘टेरा इन्कॉग्निटा’ लिहीत, तेही याच घरातलं.

पण नुसतं लपून बसणं म्हणजे इन्कॉग्निटो नव्हे. माणूस चारचौघांत वावरतो, फक्त आपण कोण ते कळू देत नाही. आपल्याकडे याला किती नेमका शब्द आहे बघा: अज्ञातवास! पांडव विराटाच्या दरबारातच राहिले, पण युधिष्ठिर कंक म्हणून आणि अर्जुन बृहन्नडा म्हणून. युरोपातले राजेही असे फिरत. रशियाचा झार पीटर १६९७ साली प्योत्र मिखाइलोव या नावाने पश्चिम युरोपात गेला आणि हॉलंडमध्ये जहाजबांधणीचं काम शिकला. त्याच्या प्रचंड उंचीमुळे लोक त्याला ओळखायचे, तरी राजा म्हणून गेला नसल्यामुळे मानपानाचे बरेच सोपस्कार टळायचे. शब्दाची ही बाजू मला फार आवडते.

इंग्रजी वाक्यात तो सरळ क्रियापदामागे येतो: ‘ही ट्रॅव्हल्ड इन्कॉग्निटो’, तो ओळख लपवून फिरला. निनावी पत्राला मात्र ‘ॲनॉनिमस’ म्हणायचं आणि टोपणनावाला ‘स्यूडोनिम’. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे इन्कॉग्निटो चालणार नाही.

आता फोनमधला अर्थ, कारण इथे लोक खरंच फसतात. क्रोम या ब्राउझरमध्ये ही सोय, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’ नावाची वेगळी खिडकी, २००८ पासून आहे. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की तिथली हिस्टरी आणि कुकीज (साइटने तुमच्याकडे ठेवलेल्या छोट्या नोंदी) ब्राउझर पुसून टाकतो. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र राहतात. म्हणजे विसरतो तो तुमचा फोन, बाहेरचं जग नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं, ऑफिसच्या नेटवर्कवालाही बघू शकतो आणि लॉगिन केलंत तर ती साइट तुम्हाला ओळखतेच. माझा भाचा ऑफिसच्या लॅपटॉपवर याच भरवशावर दुसरी नोकरी शोधत होता. त्याला मी तेव्हाच थांबवलं, आणि तुम्हालाही कळकळीने तेच सांगतो.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मेल बघायचा असेल तर मात्र हीच खिडकी उघडा आणि काम झालं की आठवणीने बंद करा.