चारही ऐतिहासिकच?

बाळा, महिन्याभरात चार कादंबऱ्या संपवल्यास, फार बरं वाटलं. पण चारही ऐतिहासिकच? एखाद्या रविवारी साताऱ्याहून भिलारला जाऊन ये. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. एका घरात कथा, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात कविता. कुठंही टेकावं आणि वाचावं. आपल्याला काय रुचतं ते तिथं आपोआप कळतं.

मी नुकतीच व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, सगळ्यांनी मिळून उभी केलेली तालीम आणि शेवटी दुष्काळानं ओस पडलेली वाडी. मी माणदेशातलीच, दहिवडीकडची. शेवटचं पान झालं तरी पुस्तक किती तरी वेळ मांडीवर तसंच होतं. त्यावर लगेच नारळीकरांच्या विज्ञानकथा घेतल्या आणि त्या जड गेल्या. चूक माझी होती. मी तिथंही माणसंच शोधत होते. विज्ञानकथेत आधी कल्पना धरायची असते. दोन दिवस थांबून पुन्हा वाचल्या, तेव्हा गोडी लागली. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मात्र घरात मोठ्यानं वाच, आईलाही ऐकव.

आणि शंभर पानी वही कर. पुस्तक संपलं की त्याच रात्री लिही. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’ असलं काही नको. कुठं थांबलास, कुठं कंटाळलास, ते पान नंबरासकट लिही. वाचनालयाच्या पुस्तकाला मात्र पेन्सिलसुद्धा लावू नकोस.